धुतलेल्या फुलांची पूड

माझ्या प्रबंधाची काळ्या कापडी बांधणीची प्रत अजून कपाटात आहे, आणि घरी कुणी नवं माणूस आलं की मी ती काढून दाखवते. घरातले एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. भंडाऱ्याच्या कॉलेजात मुलांना परीक्षानळ्या मोजून देणाऱ्या एका डेमॉन्स्ट्रेटर बाईने पळसाच्या फुलांवर आणि पांढऱ्या उंदरांच्या यकृतावर काम केलं, ते खोटं आहे असं वाटणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लावलं, आणि डॉक्टरेट खेचून आणली. मिरवायचा मला हक्क आहे आणि मी तो सोडणार नाही.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. मी तिशीला टेकले होते, लग्न व्हायचं होतं आणि डोकं गरम होतं. डोकं अजूनही गरमच आहे, ते जाऊ द्या. नागपूरच्या एका प्राध्यापकांकडे मी संशोधनासाठी नाव नोंदवलं होतं. त्यांना मी इथे नुसतं सर म्हणते. माणूस हुशार, वेळेचा पक्का. पण भंडाऱ्याकडून येणाऱ्याला काही येत असेल यावर त्यांचा विश्वास बेताचाच. दर पंधरा दिवसांनी मी सायकलने वरठीला जायची, सायकल स्टेशनवर लावून गाडी पकडायची, सरांना वही दाखवायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची.

विषय ऐकून लोक उगाच घाबरतात, खरं तर तो स्वयंपाकघरातला आहे. आमच्याकडे तेव्हा जवसाचं तेल खायचे. ते चार दिवस उघडं राहिलं की हवा लागून खवट होतं आणि मग भाजीला वास मारतो. शरीरातल्या चरबीचंही तसं होऊ शकतं. कार्बन टेट्राक्लोराइड नावाचं एक द्रव आहे. कपड्यांवरचे तेलकट डाग काढायला ते वापरत. ते पोटात गेलं तर यकृतात जाऊन मोडतं आणि तिथल्या पेशींची वेष्टणं, जी चरबीचीच असतात, ती खवट करत सुटतं. यकृत आतून नासतं. किती नासलं हे बघायची एक युक्ती होती: यकृताचा तुकडा घोटायचा, त्यात एक आम्ल घालायचं आणि नळी उकळत्या पाण्यात धरायची. जितका खवटपणा जास्त, तितका गुलाबी रंग गडद.

हा खवटपणा थोपवणारी द्रव्यं झाडांत असतात, त्यांना फ्लॅव्होनॉइड म्हणतात. पाकळ्यांत, फळांच्या सालीत बसलेली पिवळी-केशरी द्रव्यं. आणि केशरी म्हटलं की आमच्या भागात दुसरं काही डोळ्यांपुढे येतच नाही. फाल्गुनात धानाच्या शेतांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, तळ्याच्या पाळीवर, जिकडे बघावं तिकडे पळस. गावातल्या बाया ही फुलं उकळून होळीचा रंग करायच्या. वाळवलेली फुलं उन्हाळ्यात पोरांच्या आंघोळीच्या पाण्यात टाकायच्या. कुणाला कावीळ झाली तर त्याच फुलांचं पाणी प्यायला द्यायच्या. त्याने कावीळ बरी होते असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण उंदरांवर बघू तर खरं, असं मनात आलं आणि मी हट्टाला पेटले.

पहिल्या वर्षी फुलं मीच गोळा केली. कारध्याच्या पुलावरून पलीकडे गेलं की सायकलने तासाभरावर आमचं गाव. तिथे माझी मोठीमाय राहायची, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, पण जीभ अशी की अख्खी आळी वचकून असायची. लोक म्हणतात मी तिच्यावर गेले. तिच्या अंगणात सावलीत मी फुलं वाळवली, कुटली, कॉलेजात आणून अर्क काढला. आधी आठवडाभर अर्क पाजून मग विष दिलेल्या उंदरांच्या नळ्या फिक्या निघाल्या. नुसतं विष दिलेल्यांच्या गर्द गुलाबी. मी प्रयोगशाळेचं दार लावून एकटी नाचले. परिचर काकांनी खिडकीतून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या स्टाफरूमला सांगितलं.

सर मात्र नाचले नाहीत. "पुन्हा करा," म्हणाले. "आणि मला सांगा, फुलातलं नेमकं काय काम करतं? फुलात शंभर गोष्टी असतात. साखर असते, गोंद असतो. तुमचे फ्लॅव्होनॉइडच कशावरून?"

 ती द्रव्यं एकेक करून वेगळी काढायची तर साधनं पाहिजेत, आणि आमच्या कॉलेजात रंगाचा गडदपणा मोजणारा, धड चालणारा एक कलरिमीटर होता, तोही थोपटल्याशिवाय काटा हलवायचा नाही.

दुसऱ्या वर्षी फुलं आली तेव्हाच नेमक्या प्रात्यक्षिक परीक्षा लागल्या. मला गावी जाता येईना. मोठीमायला निरोप धाडला की फुलं गोळा करून वाळवून ठेव. तिने त्याहून जास्त केलं. होळी झाल्यावर आठ-दहा दिवसांत कुटून, चाळून, पत्र्याच्या डब्यात भरून बारीक पूड पाठवली. मला भरून आलं. पूड जरा मळकट दिसत होती, अर्कही फिकट निघाला, पण मी म्हटलं, उन्हाने झालं असेल. डोळे उघडे ठेवून काम करायचं हे मुलांना शिकवणारी मी, आणि मीच डोळे झाकून घेतले.

नळ्या गुलाबी निघाल्या. सगळ्या. अर्क पाजलेल्यांच्या आणि न पाजलेल्यांच्या शेजारी ठेवल्या तर ओळखू येऊ नयेत इतक्या. मी उरलेल्या उंदरांवर पुन्हा केलं, पुन्हा तेच. सरांना वही दाखवली तेव्हा त्यांनी ती मिटून माझ्याकडे सरकवली.

"मागच्या वर्षीचे आकडे," ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही घरी बसून तर जुळवले नाहीत ना?"

मी वही उचलून पिशवीत घातली. ते पुढे म्हणाले, उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत वाट बघतो. तोवर पहिला निकाल पुन्हा निघाला नाही, तर विद्यापीठाला पत्र लिहून नोंदणी रद्द करतो, आणि कारणही लिहितो. ते कारण कॉलेजात पोचलं असतं तर नोकरीही गेली असती. पण खरं सांगते, नोकरीपेक्षा तो शब्द जास्त झोंबला. मी आळशी असेन, उर्मट असेन, लबाड नव्हते. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून सारा रस्ता रडले.

त्याच रविवारी सायकल काढली आणि गावी गेले. मोठीमाय अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती.

"लागलं का व तुयं औषध?" तिने मान वर न करता विचारलं.

"नाही लागलं. एक यकृत वाचलं नाही. सरांना वाटतं मी लबाडी केली."

ती हातातली फुलं टाकून उभी राहिली. "असं कसं नाई लागलं? मी त यंदा साजरी धुऊन देल्ली ना तुले फुलं!"

"धुऊन म्हणजे?"

"अव, होरीच्या रंगासाठी उकडली. सारा रंग काढून घेतला. मंग आणखी पाण्यानं धुतली, सावलीत वारवली अन कुटली. मागच्या साली तू तशीच रंगासकट नेली. तवाच मले वाटलं, पोरगी शिकली पर इतकं नाई समजत तिले. औषधात रंग कायले पाह्यजे? दवाखान्यातलं औषध कसं पांढरंफटक रायते!"

एका कामात दोन कामं केल्याचं समाधान तिच्या तोंडावर होतं. रंग गावाच्या होळीला, फूल पुतणीला. मी विचारलं, तो काढलेला रंग कुठे आहे? ती म्हणाली, "रंग? तो त उडवला होरीत! पोलीस पाटलाच्या धोतरावर पाह्य, अजून निंगला नाई."

म्हणजे माझं वर्षभराचं संशोधन पोलीस पाटलाच्या धोतरावर होतं. आज सांगताना हसू येतं, त्या दिवशी मी थयथयाट केला. तोंडाला येईल ते बोलले. तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला, म्हणाले. एरवी एका शब्दाला चार शब्द परत करणारी ती बाई पदर डोळ्यांना लावून आत गेली. तिला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

विहिरीवर जाऊन तोंडावर पाणी मारलं. काठावर बसले. आणि डोकं जरा निवल्यावर लक्षात आलं की मोठीमायने पाठवलेल्या त्या पुडीत पळसाच्या फुलाचं बरंच काही शिल्लक होतं. गेलं होतं मुख्यतः ते पाण्यात उतरणारं, म्हणजे रंग. साखरही गेली असेल, पण साखरेने यकृत वाचत नाही, हे दाखवायला एक साखर पाजलेला गट ठेवला की झालं. रंग असलेलं फूल काम करतं. रंग काढलेलं फूल काम करत नाही. मग काम कोण करतं? सरांनी वर्षभरापूर्वी विचारलेला प्रश्न एका निरक्षर बाईने होळीच्या कढईत सोडवून माझ्या हातात दिला होता, आणि मी तिला रडवून आले होते.

मी धावत आत गेले आणि तिला मिठी मारली. तिला वाटलं मला ऊन लागलं.

"मोठीमाय, तुझी धुतलेली पूड मला पाहिजेच आहे," मी म्हटलं. "आणि रंगासकट फुलंही पाहिजेत. दोन्ही शेजारी ठेवून दाखवायचं."

पण फुलं आणायची कुठून? पळस केव्हाच ओसरले होते, झाडांवर शेंगा लोंबत होत्या. मोठीमायने डोळे पुसले, टोपली कमरेवर घेतली. "चाल," म्हणाली. पोरांच्या आंघोळीसाठी वाळवलेली फुलं घरोघर गाडग्यात असायची, ती मागायची होती. तिने दारोदार काय सांगितलं ते मी मागे उभी राहून ऐकत होते. काही लपवलं नाही तिने. "माह्या हातानं पोरीचं काम बिघडलं बाई. मूठभर फुलं देजा," असं, जिच्याशी तिचं पटत नव्हतं तिच्याही दारात. मी वाटीत पाणी घेऊन प्रत्येक घरची दोन फुलं भिजवून बघायची. पाणी केशरी झालं तरच मूठ टोपलीत. बौद्ध वस्तीत एका निवृत्त गुरुजींच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या बायकोने अख्खं गाडगंच टोपलीत उपडं केलं.

"शिक्षणाचं काम होय ना? मंग मूठभर कायले, सारीच नेजा," त्या म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत टोपली शिगोशीग भरली. सायकलच्या कॅरिअरला बांधून मी पूल ओलांडला तेव्हा वैनगंगेवरून वारं येत होतं आणि मी मोठ्याने गात होते. मला गाता येत नाही.

मे महिना. आमच्याकडचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, पांढऱ्या उंदरांना ते सोसत नाही. परिचर काका, ज्यांनी माझी चहाडी केली होती तेच, सुट्टी सोडून रोज यायचे. वाळ्याच्या ताट्यांवर तासातासाला पाणी मारायचे. यकृत घोटताना गार राहावं म्हणून बर्फ लागायचा, तो गोळेवाल्याकडून भुशात गुंडाळून आणायचे. पिंजरे पाच केले: एकात धडधाकट उंदीर, एकात नुसतं विष दिलेले, एकात विषाआधी रंगाच्या फुलांचा अर्क पाजलेले, एकात धुतलेल्या फुलांचा, आणि एकात विषाआधी साखरपाणी पाजलेले. काकांना यातलं काही शास्त्र येत नव्हतं, पण पाचवा पिंजरा बघून म्हणाले, "या उंदरायचीच मजा हाय बापा, शरबत पिऊन राह्यले."

शेवटच्या दिवशी मी सरांना बोलावून घेतलं. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, की माझ्या आकड्यांवर भरवसा नसेल तर स्वतः येऊन नळ्या बघा. आले. वरठीला उतरून घामाघूम होऊन आले, आणि आल्या आल्या म्हणाले, "नळ्यांवर आकडे मी घालणार." मला हेच हवं होतं. त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं, घोटलेल्या यकृतांच्या नळ्या आपल्या हाताने सरमिसळ केल्या, नवे आकडे चिकटवले आणि कुठला आकडा कुठल्या पिंजऱ्याचा हे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी खिशात घातली. मग आम्ही आम्ल घातलं आणि नळ्यांची घोडी उकळत्या पाण्यात ठेवली.

बाहेर काढल्या, गार केल्या. काही नळ्या गर्द गुलाबी होत्या, काही जवळजवळ पाण्यासारख्या, काही त्यांच्याहून किंचितच गुलाबी. सरांनी कलरिमीटर थोपटून एकेक आकडा स्वतः घेतला आणि खिशातली चिठ्ठी काढली. फिकट नळ्या वाचून दाखवताना त्यांचा आवाज हळूहळू बदलत गेला. धडधाकट. रंगाची फुलं. रंगाची फुलं. धडधाकट. रंगाची फुलं. मग गुलाबी: विष, धुतलेली फुलं, साखर, विष, धुतलेली फुलं. एकही इकडची तिकडे नाही. काकांनी टाळी वाजवली. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता, नंतर एकदाच झाला, तो पुढे सांगते.

सर म्हणाले, "हे छापायला पाठवू." संशयाबद्दल एक अक्षर नाही. मी वाट पाहिली. त्यांनी चहा घेतला आणि पाचच्या गाडीने गेले.

दोन-अडीच वर्षांनी प्रबंध पूर्ण झाला आणि नागपूरला तोंडी परीक्षा लागली. उघड्या सभागृहात असते ती, कुणीही येऊन बसू शकतं. मोठीमाय हट्टाने आली होती. हिरवं नऊवारी नेसून शेवटच्या बाकावर बसली होती, आणि बोललेलं काही कळत नसतानाही मी बोलायचे तेव्हा मान डोलवत होती.

बाहेरगावचे परीक्षक पांढऱ्या केसांचे, कमी बोलणारे होते. त्यांनी पानं उलटली आणि एका जागी थांबले.

"हा धुतलेल्या फुलांचा गट," ते म्हणाले, "सगळ्या प्रबंधात मला हा सर्वांत आवडला. साधं आणि नेमकं. ही कल्पना कुणाची?"

माझ्याआधी सर बोलले. "आम्ही तशी आखणीच केली होती, की रंगद्रव्य काढून..."

"नाही," मी म्हटलं. डॉक्टरेट अजून मिळाली नव्हती, मार्गदर्शकाला भर सभेत तोडणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा, हे मला कळत होतं. पण ज्या माणसाने मला लबाड ठरवलं होतं, त्याच्या सोयीसाठी मी पहिली लबाडी करणार नव्हते. "आखणी केली नव्हती, सर. ती चूक होती. माझ्या मोठीमायने औषधात रंग नको म्हणून फुलं धुऊन टाकली. माझा प्रयोग फसला, मी तिला नाही नाही ते बोलले, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ती मागे बसली आहे."

परीक्षकांनी चष्मा काढला. "त्यांना जरा पुढे बोलवा."

मोठीमाय पदर सावरत आली. घाबरली असेल असं मला वाटलं, पण ती तडक परीक्षकांपुढे येऊन उभी राहिली. परीक्षकांनी तिला नमस्कार केला आणि सहकाऱ्याला विचारावं तसं विचारलं, "बाई, फुलं किती वेळ धुतली होती तुम्ही?"

"येर कोण मोजते, साहेब?" ती म्हणाली. "पाणी कोरं निंगेवरी धुतली."

परीक्षकांनी पेन काढलं आणि ते शब्द माझ्या प्रबंधाच्या समासात लिहून घेतले. मग म्हणाले, "बरोबर. यापेक्षा अचूक उत्तर मलाही देता आलं नसतं."

टाळ्या कुठून सुरू झाल्या मला माहीत नाही. त्या थांबल्यावर सर उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण ते बोलले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "या बाईंच्या पुतणीच्या आकड्यांवर मी संशय घेतला होता. ती खरी होती. चूक माझी होती." एवढं बोलून त्यांनी आपली खुर्ची मोठीमायसाठी पुढे ओढली.

मोठीमाय खुर्चीत नीट मागे टेकून बसली, पदर मांडीवर ओढून घेतला आणि परीक्षकांकडे बघून म्हणाली, "अन आणखी काय इचाराचं असन त इचारा, साहेब. मी बसली हाव."